पोळ्यांचं मशीन: आठ महिने वापरल्यावर

दिवाळी झाल्या झाल्या आम्ही मेससाठी पोळ्यांचं ऑटोमॅटिक मशीन घेतलं. तेव्हापासून ओळखीच्या मेसवाल्या, दोन केटरर, एवढंच काय, पाचोऱ्याची माझी चुलत नणंदसुद्धा फोन करून एकच विचारतेय: घेऊ का? प्रत्येकाला अर्धा तास फोनवर सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. कंपनीचं नाव लिहीत नाही. एक तर या जातीची मशिनं सगळी एकाच सांगाड्याची, स्टिकर तेवढं वेगळं. आणि त्यांचा सर्व्हिसला येणारा पोरगा गुणी आहे, माझ्या लिहिण्यापायी त्याच्यावर कोणी डाफरायला नको.

आमची मेस जळगावात जिल्हा पेठेत. एकोणीस वर्षं झाली. रोज १४० डबे जातात, साठेक जण बसून जेवतात. माणशी चार पोळ्या, दोन वेळच्या धरून रोजच्या १,६००. दिवाळीपर्यंत हे काम तीन बाया करायच्या, प्रत्येकीला महिना ७,५००. त्यातली एक रेखा, आणि मंदाबाई तर माझ्याकडे चौदा वर्षं होत्या.

हाव सुटली म्हणून मशीन घेतलं, असं नाही. लग्नसराईत केटरिंगवाले अर्ध्या दिवसाचे ६०० देतात, तेव्हा माझ्या साडेसात हजारांना कोण विचारतं? सकाळी सहाला फोन वाजला की पोटात गोळा यायचा, आज कोण दांडी मारतंय? नवरात्राच्या आधी एक बाई लेकीच्या बाळंतपणाला धरणगावला गेली ती तिकडचीच झाली. मग पंधरा दिवस मी, रेखा आणि मंदाबाई अशा तिघी सकाळ-संध्याकाळ पोळपाटावर. मंदाबाईंचा उजवा खांदा धरला. सोळाव्या दिवशी मी मशीनवाल्याला फोन लावला.

तर मशीन. साडेपाच फुटांचा स्टीलचा सांगाडा आहे. वरच्या हॉपरमध्ये भिजवलेलं पीठ टाकायचं. खाली ते लाटीएवढे गोळे कापतं, गोळा दोन तापलेल्या तव्यांमध्ये दाबला जातो, दाबलेली पोळी जाळीच्या पट्ट्यावरून गॅसच्या जाळावर फिरते आणि फुगून टोपलीत पडते. पहिल्यांदा बघताना जत्रेतल्या पाळण्यासमोर उभं राहिल्यासारखं वाटतं. कंपनी तासाला १,००० पोळ्या सांगते. आमच्याकडे ७०० पडतात, कारण मध्ये मध्ये थांबवून चिकटलेली पोळी काढावी लागते.

खरी परीक्षा पिठाची. लोकवन गहू नवा आला की पाणी वेगळं लागतं, पावसाळ्यात आणखी वेगळं. मंदाबाई उंड्यावर अंगठा दाबून सांगायच्या, अजून घोटभर घाला. मशीनला अंगठा नाही. पीठ जरा सैल झालं की पट्ट्याला चिकटतं, घट्ट झालं की पोळीच्या कडा फाटतात. पहिला आठवडा गल्लीतल्या गाईंनी माझ्या पोळ्या खाल्ल्या, आणि तिसऱ्या दिवसापासून त्यांनीही तोंड फिरवलं. आता जमलंय ते असं: कोमट पाणी, किलोला दोन मोठे चमचे तेल, भिजवून चाळीस मिनिटं ओल्या फडक्याखाली. पोळी पडली की लगेच तेलाचा हात फिरवून सुती फडक्यात दाबून ठेवायची. स्टीलच्या डब्यात उघडी टाकलीत तर वाफेनं भिजते आणि मग वाळून चामडं होते.

एवढं करूनही ती घडीची पोळी नाही. घडी घालून लाटलेल्या पोळीला पापुद्रे सुटतात, तेल आत राहतं, दुपारपर्यंत मऊ राहते. दाबलेली पोळी गरम खाल्ली तर कुणाला कळायचं नाही. तीन तास डब्यात राहिली की वातड. आणि माझा धंदा डब्याचा. बसून जेवणारे काही बोलले नाहीत, पण एमआयडीसीतल्या डब्यांतून पहिल्या महिन्यात पोळ्या परत यायला लागल्या. एका पोरानं डब्यात चिठ्ठी टाकली: "मावशी, भाजी छान होती. सोबत रुमाल दिल्याबद्दल आभार." अकरा डबे सुटले. त्यातले सात परत आले.

विकणारा म्हणाला होता, "मॅडम, भाकरीपण होते." होत नाही. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आमच्याकडे दर गुरुवारी संध्याकाळी असते, त्यासाठी पोरं बुधवारपासून विचारतात. ते पीठ हातानं थापावंच लागतं, दाबलं की चिरतं. मशीनमधून निघालं ते बघून रेखा म्हणाली, ताई, ही गोवरी चुलीत घालायची की ताटात? मांड्यांचं तर नावच काढू नका. हातावर झुलवत झुलवत मोठा करून खापरावर टाकायचा मांडा ज्या दिवशी मशीन करेल, त्या दिवशी मेस त्याच्या नावावर करून देईन.

आता पैसे. मशीन २,६०,००० चं, वर १८ टक्के जीएसटी म्हणजे ४६,८००, एकूण ३,०६,८००. विकणाऱ्यानं वर्षभरात वसूल म्हणून कागदावर मांडून दाखवलं होतं. त्या कागदावर जीएसटी नव्हता आणि तिन्ही बायांचे पगार वाचत होते. मशीनमध्ये पीठ कोण टाकणार, हे त्यानं धरलंच नव्हतं. माझा खरा हिशेब असा: तीन पगारांचे २२,५०० जायचे, आता एकट्या रेखाला ९,००० देते, वाचले १३,५००. गॅस आणि वीज मिळून ४,५०० वाढले. तव्यावरचा टेफ्लॉनचा कागद करपतो, बेल्ट सैल होतो, त्याचे महिन्याला हजार धरा. हातात राहिले ८,०००. म्हणजे मशीनचे पैसे सुटायला अडतीस महिने, कर्जाचं व्याज न धरता. रोज हजाराच्या आत पोळ्या लागत असतील तर या फंदात पडू नका.

रेखाला ठेवलं कारण ती बारावी आहे, पॅनलवरची बटणं तिला पहिल्याच दिवशी कळली. मंदाबाईंना मी म्हणाले, "तुमचा खांदा दुखतो ना, जरा आराम करा." खोटं नव्हतं ते. पण खांदा बरा असता तरी मी दुसरं काहीतरी शोधलंच असतं, हे मला माहीत आहे आणि त्यांनाही. मशीन उतरवलं त्या दिवशी त्या दारात उभ्या होत्या. आठ वर्षांपूर्वी कणीक मळायचं मशीन आलं, तेव्हा याच बायांनी त्याला हळदीकुंकू लावून त्याचं नाव गंगू ठेवलं होतं. गंगूनं मनगटं वाचवली आणि कुणाची भाकरी काढून घेतली नाही. या नव्या मशीनकडे बघून मंदाबाईंनी विचारलं, "ताई, इनं नाव काय ठेवं?" मला उत्तर सुचलं नाही. अजूनही ते आमच्याकडे नुसतं मशीनच आहे.

माझी धाकटी विद्यापीठात अर्थशास्त्रात एम.ए. करतेय. तिला हे सगळं सांगितलं तर म्हणाली, आई, माणसाच्या जागी आलेल्या मशीनवर कर लावावा का, यावर जगभर भांडणं चालू आहेत. फेब्रुवारी २०१७ मध्ये बिल गेट्स म्हणाले होते की कारखान्यात वर्षाला ५०,००० डॉलरचं काम करणारा माणूस त्यावर आयकर भरतो, सोशल सिक्युरिटी भरतो. त्याच्या जागी रोबो आला तर रोबोकडूनही तेवढाच कर घ्या, आणि तो पैसा म्हाताऱ्यांची देखभाल, पोरांचं शिक्षण अशा कामांना लावा. त्याच महिन्यात युरोपियन संसदेपुढे रोबोंवर कराची सूचना आली, ती त्यांनी फेटाळली. दक्षिण कोरियानं नवा कर बसवला नाही. ऑटोमेशनवर पैसे घालणाऱ्या कंपन्यांना जी करसवलत मिळायची, तीच थोडी छाटली. पेपरवाल्यांनी त्यालाच जगातला पहिला रोबो कर म्हणून टाकलं.

मी म्हटलं, गेट्ससाहेबांचा हिशेब मंदाबाईंना लागू होत नाही. त्यांनी कधी आयकर भरला नाही, त्यांचा पीएफ नव्हता (माझ्याकडे वीस माणसं नाहीत म्हणून मला लागू नव्हता, आणि मीही काही हौसेनं काढला नाही). त्या गेल्यानं सरकारी तिजोरीतला एक रुपया कमी झाला नाही. कमी झालं ते मेहरूणमधल्या मंदाबाईंच्या घरात. उलट मशीननं पहिल्याच दिवशी सरकारला ४६,८०० दिले! म्हणजे माझ्या मेसपुरता रोबो कर आधीच लागलेला आहे.

हे मी नवी पेठेतल्या आमच्या सीएंना बोलून दाखवलं, तर ते हसले आणि मग जे सांगितलं ते ऐकून मला हसू आलं नाही. आम्ही कंपोझिशनमध्ये, म्हणजे जीएसटीच्या छोट्या धंद्यांसाठीच्या ठरावीक दराच्या योजनेत आहोत, त्यामुळे मशीनवर भरलेला जीएसटी आम्हाला वळता, म्हणजे पुढच्या करातून वजा करून, मिळत नाही. आयकर आम्ही उलाढालीवर ठरावीक टक्के नफा धरून भरतो, त्यात घसारा (मशीन झिजतं त्यापोटी नफ्यातून होणारी वजावट) आधीच धरलेला असतो, वेगळा मिळत नाही. आता एमआयडीसीतला एखादा मोठा कारखाना घ्या. त्यानं याच्या शंभरपट मशीन घेतलं तरी भरलेला जीएसटी त्याला वळता होतो. मशीनवर वर्षाला १५ टक्के घसारा, आणि जुन्या पद्धतीनं कर भरणारा असेल तर नव्या मशीनवर पहिल्या वर्षी आणखी २० टक्के जादा. माणूस ठेवला तर मात्र पगारावर १२ टक्के पीएफ मालकाचा, सव्वातीन टक्के ईएसआय, म्हणजे कामगार विमा.

मग माणसं ठेवल्याबद्दल काहीच सवलत नाही का, मी विचारलं. आहे, म्हणाले. १९६१ च्या आयकर कायद्यात ८०-जेजेएए म्हणून कलम होतं: नवा माणूस घेतला तर त्याच्या पगाराच्या ३० टक्के रक्कम तीन वर्षं उत्पन्नातून वजा. पण पगार महिना २५,००० च्या आत पाहिजे, बँकेतून गेला पाहिजे, माणूस पीएफमध्ये पाहिजे, आणि धंद्याचं ऑडिट होत असलं पाहिजे. म्हणजे मंदाबाई काढल्या म्हणून मला फायदा नाही, ठेवल्या असत्या तरी नाही. धाकटीनं वर माहिती पुरवली की अमेरिकेतही असंच आहे. २०२४ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले डॅरन असेमोग्लू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलंय की तिथे माणसाच्या कमाईवर पंचवीस टक्क्यांहून जास्त कर बसतो आणि यंत्रं-सॉफ्टवेअरवर पाचेक टक्के.

मग रोबो म्हणायचं कशाला, यावर आम्हा मायलेकींचं पोळ्यांच्या गराड्यात भांडण झालं. गंगू रोबो आहे का? मिक्सर? डाळ मिलमधलं सॉर्टेक्स तर नक्कीच आहे: कॅमेरा एकेक दाणा बघतो आणि हवेच्या फुंकरीनं काळा दाणा उडवतो. माझी आत्या लग्नाआधी डाळ मिलमध्ये निवडायला जायची, बायांच्या रांगा बसायच्या सुपं घेऊन. आता तिथे सुपाला कोण विचारतं? धाकटीचं म्हणणं, व्याख्येतच सगळा घोळ आहे, म्हणून हा कर कुठे टिकत नाही. माझं म्हणणं, मशीन मोजायला जाऊच नका, हजेरीपट मोजा. ज्याच्याकडे एका वर्षात मशीन आलं आणि हजेरीपटावरची तीस-चाळीस नावं गळाली, त्याची ती जादा वीस टक्क्यांची सवलत तेवढी काढून घ्या. कोरियानं केलं तेच. नवा कर नको, निरीक्षक नको. इन्स्पेक्टर आला की पहिल्यांदा आमच्यासारख्याच्याच दारात उभा राहतो, हे एकोणीस वर्षांत शिकलेय.

आणि काढलेला पैसा जाईल कुठे? यासाठी आपल्याला परदेशात बघायची गरज नाही. मी धंद्याची मालकीण म्हणून वर्षाला २,५०० व्यवसाय कर भरते. तो कशासाठी सुरू झाला, हे मला सीएंनीच सांगितलं. १९७२ चा दुष्काळ पडला, तेव्हा माझी आई धुळ्याकडे रस्त्याच्या कामावर खडी फोडायला होती. दुष्काळात मिळणाऱ्या लाल मिलो ज्वारीच्या आणि सुकडीच्या गोष्टी तिच्याकडून शंभरदा ऐकल्यात. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून राज्यात रोजगार हमी उभी राहिली, तिला पैसा हवा म्हणून १९७५ मध्ये हा कर आला. ज्याला काम आहे त्यानं वर्षाला थोडं द्यायचं, ज्याला नाही त्याला कामावर घ्यायचं. मी भरते, माझा डबा खाणारा पोरगा कुठे पंधरा हजारांच्या नोकरीला लागला तर तोही भरेल. मशीन भरत नाही. यात एक खोट आहे, तीही सांगते: रोजगार हमी खेड्यापुरती. मेहरूणमध्ये राहणाऱ्या बाईला तिचा काडीचा उपयोग नाही. माझे सासरे खान्देश मिलमध्ये होते. मिल बंद पडली तेव्हा शहरातल्या कामगाराला कुठली हमी होती? त्या जागेवर आता मॉल आहे. सासरे शेवटपर्यंत त्याच्या आत गेले नाहीत, फाटकासमोर रिक्षा थांबवून बघायचे आणि चल म्हणायचे.

विषय कुठल्या कुठे गेला. विजेचं सांगायचं राहिलंय, आणि मशीन घेणाऱ्यानं तेच आधी वाचावं.

मे महिन्यात एका संध्याकाळी साडेसातला लाइट गेली. पारा दिवसा ४५ च्या वर होता, आत चटके बसत होते. पट्टा थांबला पण खाली गॅस चालूच. दोन मिनिटांत पट्ट्यावरच्या तीसेक पोळ्यांचा कोळसा. इन्व्हर्टरवर पट्टा फिरतो, पण तवे तापत नाहीत. हॉपरमध्ये दहा किलो पीठ, बाहेर साठ पोरं, एकशे चाळीस डबे उघडे. मी आणि रेखानं पोळपाट काढले. तेवढ्यात रेखानंच न विचारता फोन लावला आणि वीस मिनिटांनी मंदाबाई रिक्षानं आल्या, पिशवीत स्वतःचं बेलणं घेऊन. काही बोलल्या नाहीत. मोबाइलच्या उजेडात तिघींनी सव्वादहापर्यंत लाटल्या. त्यांच्या एकट्यांच्या तीनशेच्या वर झाल्या असतील. निघताना मी विचारलं, किती देऊ? म्हणाल्या, "तीन रुपया पोयी." लग्नाचा भाव! महिन्याच्या हिशेबात मला एक पोळी पन्नास पैशांच्याही आत पडायची. मी ९०० मोजून दिले आणि रिक्षाचे वेगळे.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले. ठरलं ते असं: महिन्याला १,५०० त्यांनी नुसते तयार राहायचे, लाइट गेली किंवा मशीन बसलं की यायचं, त्या वेळच्या पोळ्यांचे वेगळे. गुरुवारच्या कळण्याच्या भाकरी त्या करणार, चार रुपयाला एक. म्हणजे वरच्या हिशेबातले ८,००० आता ६,५०० धरा, आणि अडतीसचे सत्तेचाळीस महिने. मशीनवाल्याच्या कागदावर हा खर्च कुठेच नव्हता, तुमच्याही कागदावर नसेल, पण तो धरा.

बाकी किरकोळ. साफसफाईला रोज पाऊण तास, नाहीतर पट्ट्याच्या जाळीत पीठ जळून वास येतो. जमीन सपाट हवी. आवाज फार नाही. सर्व्हिस बोलावल्यापासून तिसऱ्या दिवशी मिळते. टेफ्लॉनचे दोन कागद कायम घरात ठेवा. पाचपैकी मी तीन देईन. डब्याचा धंदा नसता तर साडेतीन दिले असते.

गेल्या आठवड्यात तिमाहीचं चलन भरायला सीएंकडे गेले. वही चाळता चाळता ते थांबले. "मंदाबाई, पंधराशे. हे कशाचे? त्या तर सोडून गेल्या ना?"

म्हटलं, मशीनचा व्यवसाय कर लिहा.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि किरकोळ मजुरी असं लिहिलं. टेफ्लॉन पुन्हा करपलाय, पोरगा गुरुवारी येतो म्हणालाय. येऊ दे, गुरुवारी संध्याकाळी भाकरीच असते.